स्पितीचा प्रवास: किन्नौरकडून आत, कुंझुमवरून बाहेर

हिमाचल प्रदेशच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यातील स्पिती नदीचे खोरे हे पर्जन्यछायेतले थंड वाळवंट आहे. येथील गावे साधारण ३,२०० ते ४,६०० मीटर उंचीवर वसलेली आहेत. सातू आणि हिरवा वाटाणा ही मुख्य पिके आहेत, शेती वितळलेल्या बर्फाच्या पाटांवर चालते आणि बौद्ध धर्माची हजार वर्षांची अखंड परंपरा येथील मठांतून नांदते आहे. महाराष्ट्रातून येथे जाणारे बहुतेक प्रवासी हाताशी किती रजा आहे आणि वाटेत काय काय बघायचे आहे, या दोन गोष्टींवरून वेळापत्रक आखतात. माझ्या मते स्पितीचे वेळापत्रक तिसऱ्याच गोष्टीवरून ठरवावे, ती म्हणजे प्रत्येक रात्री आपण किती उंचीवर झोपणार आहोत. ही एक गोष्ट नीट बसवली की रस्ता, ऋतू, मुक्काम आणि पायी फिरणे यांचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. ती चुकली तर सगळा खर्च करूनही माणूस काझा या स्पितीतल्या बाजाराच्या गावी खोलीत डोके धरून पडून राहतो.

दोन रस्ते आणि त्यांतली निवड

स्पितीत मोटाररस्त्याने शिरण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली शिमल्याहून सतलजच्या काठाने, किन्नौर जिल्ह्यातून, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, सुमदो आणि ताबो या मार्गाने काझाला जाते. ही वाट सुमारे ४२० किलोमीटरची आहे. दुसरी मनालीहून अटल बोगद्यातून ग्राम्फू, छत्रू, बातल, कुंझुम खिंड आणि लोसर या मार्गाने काझाला येते. ती सुमारे २०० किलोमीटरची आहे. अंतर निम्मे असल्याने मनालीची वाट सोयीची वाटते आणि नवखे प्रवासी बहुधा तीच निवडतात.

या निवडीत धोका आहे. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि कुंझुम साडेचार हजार मीटरहून थोडी अधिक उंच आहे. सकाळी मनालीहून निघालेला माणूस त्याच दिवशी अडीच हजार मीटर चढतो आणि रात्री काझाला ३,६५० मीटरवर किंवा चंद्रताल सरोवराजवळ ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर झोपतो. ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून रोहतांगचा घाट चढावा लागत नाही. त्यामुळे प्रवास जलद झाला आहे, आणि वाटेत मुक्काम करून शरीराला अवधी देण्याचा विचार त्या प्रमाणात मागे पडला आहे.

किन्नौरच्या वाटेवर उंची टप्प्याटप्प्याने वाढते: शिमला सुमारे २,२०० मीटर, कल्पा २,९०० मीटरच्या आसपास, ताबो ३,२८० आणि काझा ३,६५०. चार-पाच दिवसांत शरीर विरळ हवेला सरावते आणि तोवर सफरचंदांच्या बागांपासून उघड्या, झाडाविना डोंगरांपर्यंतचा बदलही डोळ्यांसमोर हळूहळू घडतो. म्हणून किन्नौरकडून आत जावे आणि शरीर तयार झाल्यावर कुंझुम ओलांडून मनालीकडे बाहेर पडावे. चंदीगड ते चंदीगड अशा या फेरीला किमान बारा दिवस हाताशी असावेत. आठ दिवसच मिळणार असतील तर स्पिती पुढच्या वर्षावर ढकलून त्या दिवसांत किन्नौर नीट पाहावे. सांगला, छितकुल आणि कल्पा यांसाठी तेवढे दिवस अगदी योग्य आहेत.

ऋतूची निवड

कुंझुमचा रस्ता साधारणपणे जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरात बर्फ पडू लागले की बंद होतो. नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात. किन्नौरकडचा रस्ता अधूनमधून खंडित होत असला तरी वर्षभर चालू ठेवला जातो.

जुलै आणि ऑगस्टमध्ये स्पितीत पाऊस फार कमी पडतो, पण तिथे पोहोचवणारा किन्नौरचा रस्ता मान्सूनच्या तडाख्यात असतो. २५ जुलै २०२१ रोजी सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ डोंगरावरून कोसळलेल्या शिळांनी प्रवाशांच्या गाडीवर घाला घालून नऊ जणांचा बळी घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, निगुलसरीजवळ दरड कोसळून बससह काही वाहने गाडली गेली. सतलजची घळ खोल आणि तीव्र उताराची आहे, खडक भेगाळलेला आहे, आणि रस्ते व जलविद्युत प्रकल्पांसाठी या उतारांना ठिकठिकाणी छेद गेलेले आहेत. त्यामुळे पावसाळ्यात या वाटेने जाणे टाळावे. जून किंवा सप्टेंबर हे महिने निवडावेत. त्यातही सप्टेंबर मला अधिक पसंत आहे, कारण पाऊस ओसरलेला असतो, आकाश स्वच्छ असते आणि सातूची शेते पिवळी पडलेली असतात. रात्री मात्र वरच्या गावांत पारा शून्याजवळ येतो.

निघण्यापूर्वीची तयारी

मुंबई किंवा पुण्याहून चंदीगडला विमानाने जाता येते. रेल्वेने जायचे तर वांद्रे टर्मिनसहून अमृतसरला जाणारी पश्चिम एक्सप्रेस अंबाल्याला थांबते. कालका-शिमला ही छोटी रेल्वे २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि वेळ असेल तर शिमल्यापर्यंत तिनेच जावे. पुढे हिमाचल परिवहनच्या बस शिमल्याहून रेकाँग पिओला आणि पिओहून काझाला जातात. बसने प्रवास स्वस्त होतो आणि स्थानिक लोकांशी बोलणेही होते, पण वरच्या गावांना बस क्वचितच जाते, त्यामुळे काझाहून पुढे जीप घ्यावी लागते. स्वतःची मोटार किंवा मोटारसायकल नेणाऱ्यांनी रेकाँग पिओच्या खाली पोवारी येथील पंपावर टाकी भरून घ्यावी, कारण नंतरचा भरवशाचा पंप थेट काझाला आहे.

भारतीय नागरिकांना या मार्गासाठी परवाना लागत नाही. परदेशी पारपत्र असलेल्यांना मात्र किन्नौर ते सुमदो या सीमेलगतच्या भागासाठी संरक्षित क्षेत्राचा परवाना घ्यावा लागतो आणि तो शिमला, रेकाँग पिओ किंवा काझा येथे मिळतो. अमेरिका-युरोपात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची येथे अनेकदा गफलत होते. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींचे) कार्ड असले तरी या बाबतीत ती व्यक्ती परदेशीच मानली जाते, म्हणून कुटुंबातील प्रत्येकाचे पारपत्र आधी तपासून परवान्यासाठी कामकाजाचा एक दिवस राखून ठेवावा.

काझाला एटीएम आहे, पण त्यात रोकड असेलच असे नाही, आणि मोबाइलवरून पैसे देण्यासाठी लागणारे नेटवर्क वरच्या गावांत भरवशाचे नसते. संपूर्ण प्रवासाला पुरेल इतकी रोकड, लहान नोटांसह, पिओपर्यंतच जमवून घ्यावी. बीएसएनएल आणि जिओ यांची सेवा काझात मिळते. घरच्यांना मात्र दोन-तीन दिवस संपर्क होणार नाही असे आधीच सांगून ठेवावे.

कपडे एकावर एक चढवता येतील असे घ्यावेत: घाम शोषणारा आतला थर, लोकरी किंवा फ्लीसचा मधला थर आणि वारा अडवणारे बाहेरचे जाकीट. दिवसा उन्हात शर्टावर फिरता येते आणि सूर्य डोंगराआड जाताच हुडहुडी भरते. या उंचीवर अतिनील किरण तीव्र असतात, म्हणून उत्तम प्रतीचा काळा चष्मा, रुंद कडेची टोपी, सनस्क्रीन आणि ओठांना लावायचे मलम विसरू नये. कोरड्या हवेने नाक आतून सुकते आणि रक्त येते, त्यावर रात्री थोडे तूप किंवा व्हॅसलीन लावणे पुरते. उंचीवर भूक मंदावते. अशा वेळी मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की असे घरचे, सवयीचे आणि हलके खाणे फार उपयोगी पडते.

उंचीचा त्रास: हे नीट वाचून मगच पुढे जावे

सुमारे ४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत साठ टक्क्यांच्या जवळपास असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच असले तरी दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासाबरोबर शरीराला कमी प्राणवायू मिळतो. श्वासाची गती, रक्ताची रासायनिक घडण आणि लघवीचे प्रमाण बदलून शरीर या परिस्थितीशी जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. व्यायामाने हे दिवस कमी होत नाहीत. सह्याद्रीत दर रविवारी किल्ले चढणाऱ्या तरुणांनी हे विशेष लक्षात ठेवावे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे, आणि काझाचा बाजार त्याच्या दुपटीहून उंच आहे. उलट तंदुरुस्त माणूस पहिल्याच दिवशी भराभर चालतो आणि त्यामुळे अधिक अडचणीत येतो.

नियम असे आहेत. ३,००० मीटरनंतर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये. दर १,००० मीटरनंतर एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा वर जाऊन रात्री खाली येऊन झोपणे चांगले. पहिल्या काही दिवसांत मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्णपणे टाळाव्यात. पाणी पुरेसे प्यावे, पण उगाच लिटरच्या लिटर रिचवू नये.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, थकवा आणि उचाट झोप ही सौम्य त्रासाची लक्षणे आहेत. ती दिसली की त्या रात्री आणखी वर जाऊ नये, विश्रांती घ्यावी आणि लक्षणे पूर्ण गेल्याशिवाय पुढे सरकू नये. दोन लक्षणसमूह मात्र जिवावरचे आहेत. स्वस्थ बसले असतानाही धाप लागणे, सतत खोकला आणि फेसाळ किंवा गुलाबी कफ ही फुप्फुसांत पाणी साठल्याची खूण आहे. तोल जाणे, असंबद्ध बोलणे, गुंगी येणे ही मेंदूला सूज आल्याची खूण आहे. तोल तपासण्यासाठी माणसाला एका पावलाच्या बोटांना दुसऱ्या पावलाची टाच टेकवत सरळ रेषेत चालायला सांगावे. तो चालू शकला नाही तर रात्र असो वा पहाट, ताबडतोब खाली उतरवावे. प्राणवायूची नळकांडी आणि औषधे उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात, त्यांच्या भरवशावर वर थांबून राहू नये.

येथे स्पितीच्या भूगोलाचा एक पेच समजून घ्यायला हवा. किब्बर किंवा कोमिक या वरच्या गावांहून काझाला आले की सहाशे ते नऊशे मीटर झटकन उतरता येते. पण काझाहून ताबोपर्यंतच्या सुमारे ४७ किलोमीटरमध्ये उंची जेमतेम चारशे मीटरनेच कमी होते, आणि खरी खालची हवा पुढे किन्नौरमध्ये सतलजच्या काठी मिळते. चंद्रतालहून काझाकडे जायचे तर आधी कुंझुम चढावी लागते. म्हणून वरच्या गावांत मुक्काम करण्यापूर्वी आणि चंद्रतालला जाण्यापूर्वी आपण पूर्ण ठणठणीत आहोत याची खात्री करून घेणे येथे इतर ठिकाणांहून जास्त महत्त्वाचे ठरते. काझाला सरकारी रुग्णालय आहे. थोडीही शंका वाटली तर तिथे जावे.

असेटाझोलामाइड हे औषध, जे डायमॉक्स या नावाने मिळते, शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते. सर्वसाधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतात. सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांना ते चालेलच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ते घ्यावे. हृदयविकार, फुप्फुसांचे विकार, अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी हा प्रवास आखण्यापूर्वीच सल्ला घ्यावा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सोबत असायला हरकत नाही, परंतु त्यावरचा आकडा पाहून घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये. माणूस कसा दिसतो, जेवतो आणि चालतो यावर अधिक भिस्त ठेवावी.

पहिले दिवस: सतलजच्या काठाने

चंदीगडहून पहिल्या दिवशी शिमला किंवा नारकंडा गाठावे. दुसऱ्या दिवशी सराहन येथे थांबून भीमाकाली मंदिर पाहावे. बुशहर या जुन्या संस्थानाच्या राजघराण्याचे हे कुलदैवत लाकूड आणि दगड यांचे थर आलटून पालटून रचलेल्या बांधणीत उभे आहे, आणि भूकंपप्रवण डोंगराळ भागात ही बांधणी का टिकली हे त्या भिंतींकडे पाहिले की कळते. तिसऱ्या दिवशी कल्पा गाठावे आणि तेथे दोन रात्री राहावे. समोर किन्नर कैलासची रांग असते, आसपास चिलगोजाच्या पाइनची राने असतात, आणि एक दिवस रोघीपर्यंत निवांत चालत जाण्यात घालवला तर शरीराचीही तयारी होते.

कल्पा सोडल्यावर अनेक जण नाकोला मुक्काम करतात. मी तसे सुचवणार नाही. नाको ३,६०० मीटरहून उंच आहे, म्हणजे कल्प्याहून एका दिवसात सातशे मीटरची उडी होते. त्याऐवजी खाबला सतलज आणि स्पिती यांचा संगम पाहून दुपारी नाकोला जेवावे, तळ्याभोवती आणि जुन्या मठात तासभर घालवावा आणि संध्याकाळपर्यंत खाली ताबोला यावे. मग दिवसाचा उच्चांक ३,६०० आणि झोप ३,२८० मीटरवर, असा हिशेब उत्तम बसतो. वाटेत सुमदोच्या पुढे गिऊ गावाचा फाटा लागतो. तेथे एका बौद्ध भिक्खूचा नैसर्गिकरीत्या टिकलेला, सुमारे पाचशे वर्षे जुना देह काचेच्या पेटीत ठेवलेला आहे. गावकऱ्यांसाठी ते श्रद्धास्थान आहे, हे ध्यानात ठेवून वागावे.

ताबोला दोन रात्री

स्पितीत एकच ठिकाण सावकाश पाहायचे ठरवले तर ते ताबो असावे. इ. स. ९९६ मध्ये पश्चिम तिबेटातील गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने या मठाची स्थापना केली. महान अनुवादक रिन्छेन झांगपो याचे नाव या काळातील मठांशी जोडले जाते. गुगेच्या राजांनी काश्मीरकडचे कलावंत आणि पंडित बोलावून या प्रदेशात बौद्ध धर्माची जी दुसरी लाट आणली, तिचे सर्वांत सुस्थितीतले रूप ताबोच्या मातीच्या भिंतींआड आहे. बाहेरून पाहणाऱ्याला लिंपलेल्या बुटक्या इमारतींपलीकडे काही दिसत नाही. मुख्य देवालयात शिरल्यावर मंद उजेडात चारही भिंतींवर माणसाच्या उंचीच्या आसपासच्या तीसहून अधिक मृण्मूर्ती दिसू लागतात. त्या भिंतींतून अधांतरी पुढे आल्यासारख्या आहेत आणि मधल्या वैरोचन बुद्धासह त्यांचे मिळून वज्रधातू मंडल तयार होते. म्हणजे आपण मंडलाचे चित्र पाहत नसतो, तर त्याच्या आत उभे असतो. मूर्तींच्या खाली आणि वर चित्रांच्या पट्ट्या आहेत. अजिंठ्याची लेणी पाहिलेल्या मराठी वाचकाला या रेषांमधले भारतीय वळण पटकन ओळखू येईल आणि वेशभूषेतला हिमालयही तितकाच जाणवेल.

आत छायाचित्रण करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. रंग नैसर्गिक आहेत आणि भिंती मातीच्या आहेत. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौर भूकंपात मठाचे नुकसान झाले होते, आणि पाऊस वाढला तर मातीची सपाट छपरे गळू लागतात. भिंतींना हात लावू नये, पाठीवरची पिशवी बाहेर ठेवावी आणि डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत स्वस्थ उभे राहावे. पहिल्या दिवशी एकदा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, असे दोनदा आत जावे. पहाटेच्या प्रार्थनेला भिक्खूंची परवानगी घेऊन मागे शांत बसता येते.

सर्व मठांत लागू पडणारे काही संकेत आहेत. जोडे बाहेर काढावेत. छोर्तेन (स्तूप) आणि मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती यांना उजवी घालून जावे. प्रार्थनेच्या पताका ओलांडू नयेत. माणसांचे छायाचित्र विचारूनच घ्यावे. भेटल्यावर "जुले" म्हणावे. पुढे हिंदीत सहज बोलता येते.

धनकर, पिन आणि काझा

ताबोहून निघाल्यावर धनकरचा फाटा लागतो. स्पितीची ही जुनी राजधानी स्पिती आणि पिन यांच्या संगमावर, वाऱ्या-पाण्याने कोरलेल्या मातकट सुळक्यांच्या माथ्यावर आहे. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २००६ च्या आपल्या यादीत या मठाचा जगातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या शंभर स्थळांत समावेश केला होता. गच्चीवर गर्दी करू नये. मठाच्या वर तासाभराच्या चढावर एक तळे आहे आणि उंचीवर पाय कसे चालतात हे अजमावायला ही चाल फार चांगली आहे. मुक्काम मात्र पहिल्या दिवशी काझाला करावा.

अट्टरगूच्या पुलावरून पिन खोऱ्याचा रस्ता मुद गावापर्यंत जातो. स्पितीच्या मुख्य खोऱ्यात तिबेटी बौद्ध धर्मातील गेलुग संप्रदायाचे प्राबल्य आहे, तर पिनमध्ये जुना न्यिंग्मा संप्रदाय आहे आणि कुंग्री हा त्याचा मठ. येथील चामुर्ती घोडे प्रसिद्ध आहेत. १९८७ मध्ये स्थापन झालेले पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान मुदच्या पलीकडे सुरू होते. दिवस कमी असतील तर पिन वगळावे, पण धावती भेट देऊ नये.

काझा हे बाजाराचे गाव आहे. येथे दोन रात्री राहून सामान, इंधन, औषधे आणि पुढची जीप यांची व्यवस्था करावी. उन्हाळ्याच्या अखेरीस भरणाऱ्या लादरचा यात्रेत एकेकाळी तिबेट, लडाख आणि बुशहरचे व्यापारी मालाची देवघेव करीत.

वरची गावे

लांगझा, हिक्किम आणि कोमिक ही गावे साधारण ४,४०० ते ४,६०० मीटरवर आहेत, 'की' नावाचा मठ ४,१०० मीटरहून उंच आणि किब्बर ४,२०० च्या पुढे आहे. पहिल्या दिवशी या गावांना काझाहून जाऊन संध्याकाळी परत यावे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मुक्काम वर हलवावा, तोही आधी किब्बरला आणि मग लांगझाला, हा क्रम शरीराला सोसतो.

लांगझाच्या मागे ६,३०३ मीटर उंचीचे चाऊ चाऊ कांग निल्दा शिखर आहे, आणि गावाभोवतीच्या काळ्या शेल खडकात अॅमोनाइटसारख्या सागरी जीवांचे जीवाश्म सापडतात. आपला सह्याद्री ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा असल्याने अशा सागरी जीवाश्मांची आपल्याला सवय नसते. येथे मात्र भारतीय भूखंड आशियाला भिडण्यापूर्वी मधोमध पसरलेल्या टेथिस समुद्राचा तळच साडेचार हजार मीटरवर उचलला गेला आहे. मुले जीवाश्म विकायला आणतात. कितीही मोह झाला तरी विकत घेऊ नयेत आणि जमिनीवरचे उचलूही नयेत, कारण एकदा जागेवरून हलवलेल्या जीवाश्माचा थराशी असलेला संबंध, आणि त्याबरोबर त्याचा अभ्यासमूल्याचा मोठा भाग, कायमचा नष्ट होतो.

हिक्किमचे टपाल कार्यालय १९८३ पासून चालू आहे आणि तेथून घरी पत्र टाकण्याची हौस जरूर भागवावी. किब्बरजवळ खोल घळीवर बांधलेला चिचमचा पूल २०१७ मध्ये खुला झाला. त्याआधी गावकरी तारेवरच्या पाळण्यातून दोर ओढत पलीकडे जात.

राहण्यासाठी गावातील घरच निवडावे. जाड मातीच्या भिंती, मधोमध शेणाच्या गोवऱ्यांवर पेटणारी लोखंडी चूल, तिच्याभोवती गालिचे, असे घर कुठल्याही हॉटेलपेक्षा उबदार असते आणि पैसा थेट कुटुंबाकडे जातो. थुक्पा, टिंगमो, सातूच्या भाजलेल्या पिठाचा त्सांपा, लोण्याचा खारट चहा आणि छरम्याच्या (सी-बकथॉर्नच्या) फळांचा रस यांची चव घ्यावी. शौचालय बहुतेकदा कोरडे असते. त्यातील खत शेतात जाते, म्हणून त्यात पाणी किंवा प्लास्टिक टाकू नये. पाणी येथे हिमवृष्टीवर अवलंबून असते आणि बर्फ कमी पडलेल्या वर्षी शेतीलाच टंचाई भासते. रोज अंघोळीसाठी गरम पाण्याची मागणी करणे म्हणूनच अनुचित आहे. बाटलीबंद पाणी न घेता उकळलेले पाणी आपल्या बाटलीत भरून घ्यावे आणि आपला सुका कचरा परत चंदीगडपर्यंत आणावा.

पायी जाणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा येणाऱ्यांनी लांगझा, कोमिक, देमुल, ल्हालुंग आणि धनकर असा गावागावांतून जाणारा चार-पाच दिवसांचा मार्ग घ्यावा. तंबू लागत नाही, मुक्काम घरांत होतो आणि शेवटाकडे उंची कमी होत जाते. कोमिक ते देमुल हा टप्पा सर्वांत लांब आहे आणि मधल्या कुरणांत वाट हरवू शकते, म्हणून गावातला वाटाड्या घ्यावाच. देमुलमध्ये पाहुणे आळीपाळीने वेगवेगळ्या घरी पाठवले जातात, त्यामुळे आपल्या पसंतीच्या घराचा हट्ट धरू नये. ल्हालुंगचे छोटे सेरखांग देवालय चुकवू नये.

किन्नौरच्या काफनूहून मुदला येणारी पिन-भाबा वाट हिरव्या कुरणांतून एकाएकी उघड्या पर्वतांत उतरते आणि ती अनुभवी पदयात्रींसाठी उत्तम आहे. सुमारे ५,३०० मीटरची पिन-पार्वती आणि किब्बरहून लडाखच्या त्सो मोरिरीकडे जाणारी, साडेपाच हजार मीटरहून उंच परांग ला या खिंडींच्या वाटा हिमनदीवरून जातात. दोर, प्रशिक्षित चमू आणि पूर्वानुभव यांशिवाय त्यांचा विचार करू नये.

हिवाळ्यातील हिमबिबट्या

फेब्रुवारी आणि मार्चमध्ये भरल (हिमालयातील रानमेंढ्या) खाली उतरतात आणि त्यांच्या मागोमाग हिमबिबट्याही किब्बरच्या घळींजवळ येतो. नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन ही संस्था या भागात दीर्घकाळ काम करीत आहे. गावाने काही कुरणे चराईपासून राखून ठेवली आणि हिमबिबट्याने मारलेल्या गुरांसाठी विम्याची योजना उभी राहिली, त्यामुळे भरलांना चारा मिळाला आणि गावकऱ्यांचा राग निवळला. आज त्याच गावातील तरुण माग काढणारे म्हणून काम करतात. तापमान उणे वीसच्या खाली जाते, नळ गोठतात आणि रस्ता फक्त किन्नौरकडूनच असतो. त्यामुळे एकदा उन्हाळ्यात स्पिती पाहिल्यावरच हिवाळ्यात यावे. प्राणी दिसलाच तर दुर्बिणीच्या अंतरावर राहावे, आणि ड्रोन अजिबात उडवू नये.

कुंझुमवरून बाहेर

परतीच्या आदल्या दिवशी काझात रस्त्याची चौकशी करावी आणि टाकी भरून घ्यावी, कारण मनालीच्या बाजूला बराच वेळ पंप लागत नाही. कुंझुमच्या माथ्यावरील देवीला प्रदक्षिणा घालून चालक पुढे निघतात. त्यांना घाई करू नये.

खिंडीखालून चंद्रतालचा फाटा फुटतो. हे सरोवर २००५ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. काठावर तंबू ठोकायला मनाई आहे, तळ काही किलोमीटर अलीकडे असतात आणि शेवटची वाट पायी जायची असते. जुलै २०२३ मध्ये अवेळी झालेल्या हिमवृष्टीत अडीचशेहून अधिक पर्यटक येथे अडकले होते आणि त्यांना बाहेर काढायला काही दिवस लागले. हवामान बिघडण्याचा अंदाज असेल तर चंद्रताल सोडून द्यावे.

बातल ते ग्राम्फू हा रस्ता दगडगोट्यांचा आहे आणि ओढे थेट त्यावरून वाहतात. दिवसभराच्या उन्हाने हिमनद्या वितळून दुपारनंतर या ओढ्यांचे पाणी वाढते, म्हणून चंद्रतालहून पहाटेच निघून ते सकाळी ओलांडावेत. मोटारसायकलस्वारांनी आधी चालत जाऊन तळ अजमावावा आणि एकामागून एक पार व्हावे. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबून राहावे किंवा काझाला परत फिरावे. हे शक्य व्हावे म्हणून परतीच्या विमानाचे किंवा रेल्वेचे आरक्षण मनालीला पोहोचण्याच्या ठरलेल्या दिवसानंतर किमान दोन दिवस मोकळे सोडून करावे.